नादारीच्या दाव्यांतील अधिकारिता

कर्ज फेडण्यास असमर्थ ठरलेल्या व्यक्तीची, पेढीची किंवा कंपनीची मालमत्ता ताब्यात घेऊन ती धनकोंमध्ये कायद्याने ठरविलेल्या क्रमाने वाटून देणे आणि त्या अनुषंगाने उद्भवणारे वाद निकालात काढणे, यांसाठी न्यायालयाला असलेला अधिकार. सामान्य व्यवहारात नादारी व दिवाळखोरी हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्याच्या परिभाषेत मात्र देणे फेडता न येण्याची स्थिती म्हणजे नादारी आणि न्यायालयाने आदेश देऊन घोषित केलेली अवस्था म्हणजे दिवाळखोरी, असा भेद केला जातो.

सामान्य दिवाणी दावा हा एक धनको व एक ऋणको यांच्यातील असतो. नादारी ही सर्व धनकोंची सामाईक बाब होय. मालमत्ता अपुरी असल्यामुळे एकाने अधिक घेतले, की दुसऱ्याच्या वाट्याचे तितकेच कमी होते. म्हणून नादारीचा कायदा सर्वत्र दोन गोष्टी करतो : वेगवेगळ्या न्यायालयांतील वसुलीचे दावे थांबवितो आणि सर्व धनकोंना एकाच न्यायालयासमोर आणतो. ते न्यायालय कोणते असावे, आणि नादाराशी संबंधित पण नादारीच्या पोटातून न निघालेले वादही त्यानेच निकालात काढावेत काय, हे अधिकारितेचे दोन मूलभूत प्रश्न आहेत. हा प्रश्न केवळ कार्यपद्धतीचा वाटला, तरी चुकीच्या ठिकाणी दाद मागणाऱ्या किंवा योग्य ठिकाणी उशिरा पोहोचणाऱ्या धनकोचे येणे त्यामुळे कायमचे बुडू शकते.

संघराज्यातील प्रश्नाचे स्वरूप : ज्या देशात केंद्राची व घटक राज्यांची न्यायालये स्वतंत्र असतात, तेथे हा प्रश्न उघडपणे दिसतो. अमेरिकेच्या संविधानाने दिवाळखोरीविषयी देशभर एकसारखे कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे; परंतु करार, मालमत्ता व नुकसानभरपाई यांविषयीचा बराचसा कायदा घटक राज्यांचा आहे. १९७८ च्या दिवाळखोरीविषयक अधिनियमाने संघीय दिवाळखोरी न्यायालयांना अतिशय व्यापक अधिकार दिले. १९८२ साली ‘नॉर्दर्न पाइपलाइन’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था संविधानबाह्य ठरविली. त्यानंतर १९८४ मध्ये दिवाळखोरीच्या गाभ्यातील कार्यवाही आणि तिच्याशी केवळ संबंधित असलेली कार्यवाही असा भेद कायद्यात करण्यात आला. दुसऱ्या प्रकारातील वाद राज्य न्यायालयांकडे सोपवून संघीय न्यायालयाने बाजूला राहण्याची तरतूदही आहे. २०११ च्या ‘स्टर्न विरुद्ध मार्शल’ या निर्णयाने ही सीमारेषा पुन्हा तपासली.

भारतात न्यायव्यवस्था एकसंध आहे. दिवाणी न्यायालय, जिल्हा न्यायालय व उच्च न्यायालय हीच न्यायालये केंद्राचे आणि राज्यांचे असे दोन्ही कायदे लागू करतात. त्यामुळे अमेरिकेतील प्रश्न येथे त्याच रूपात उद्भवत नाही. तथापि तो दोन वेगळ्या वाटांनी येतोच. पहिला, केंद्राचा व राज्याचा कायदा परस्परविरोधी असल्यास कोणता टिकतो. आणि दुसरा, जिल्ह्याच्या न्यायालयात चालणारा वाद केंद्रीय कायद्याने निर्मिलेल्या न्यायाधिकरणाकडे केव्हा जातो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे घडण्यात महाराष्ट्रातील प्रकरणांचा वाटा मोठा आहे.

इलाखा शहरे व मुफस्सल : ब्रिटिश अमदानीत नादारीचा कायदा प्रथम मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीन इलाखा शहरांपुरता होता. १८२८ च्या ब्रिटिश अधिनियमाने या शहरांत नादारांसाठी न्यायालये स्थापिली आणि १८४८ च्या अधिनियमाने ही व्यवस्था विस्तारली. या शहरांबाहेरील मुलखात, म्हणजे मुफस्सलात, मात्र दीर्घकाळ असा कायदा नव्हता. तेथे हुकूमनाम्याची रक्कम न भरणाऱ्या ऋणकोला दिवाणी तुरुंगात पाठविता येत असे आणि जो धनको आधी जप्ती आणील, त्याला प्रायः मालमत्ता मिळत असे. १८७७ च्या व त्यानंतर १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनाम्याखालील ऋणकोला नादार म्हणून घोषित करून घेण्याची सोय करण्यात आली. मुफस्सलासाठी स्वतंत्र कायदा १९०७ साली झाला आणि त्याची जागा १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाने घेतली. इलाखा शहरांसाठी १९०९ चा स्वतंत्र अधिनियम होता.

या दोन अधिनियमांची तत्त्वे सारखी, पण न्यायालये भिन्न होती. मुंबई शहरातील व्यापारी नादार झाला, तर त्याची कार्यवाही उच्च न्यायालयात चाले आणि त्याची मालमत्ता ऑफिशियल असाइनी या अधिकाऱ्याकडे जाई. मुफस्सलातील व्यापाऱ्याची कार्यवाही जिल्हा न्यायालयात चाले आणि मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरकडे निहित होई. राज्य शासनाला अधिसूचना काढून कनिष्ठ दिवाणी न्यायालयांनाही हे अधिकार देता येत. अशा रीतीने नादारीचा कायदा मध्यवर्ती विधिमंडळाचा, पण न्यायालय जिल्ह्याचे, अशी विभागणी प्रारंभापासून रूढ झाली.

नागपूर व प्रांतिक अधिनियम : १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर ही इलाखा शहर नसल्याने तेथे प्रांतिक अधिनियमच लागू झाला. १९३६ साली नागपूर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले, तरी नादारीचे मूळ न्यायालय जिल्ह्याचेच राहिले. १९२० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार ऋणको जेथे सामान्यतः राहतो, धंदा करतो किंवा पोटासाठी काम करतो, तेथील न्यायालयात अर्ज करावयाचा असतो. त्यामुळे नागपूरच्या उत्तरेस सावनेर तालुक्यात असलेल्या खापरखेडा येथील दुकानदार किंवा ठेकेदार नादार झाल्यास सुमारे २० किमी. अंतरावरील नागपूरचे जिल्हा न्यायालय हे त्याचे नादारीचे न्यायालय ठरते.

या अधिनियमाचे चौथे कलम विशेष महत्त्वाचे आहे. नादारीच्या प्रकरणात उपस्थित होणारे हक्क, अग्रक्रम किंवा अन्य स्वरूपाचे, वस्तुस्थितीचे व कायद्याचे सर्व प्रश्न ठरविण्याचा अधिकार त्याने नादारी न्यायालयाला दिला. नादाराने आपले घर पत्नीच्या नावे केले असेल, भावाने वाटणीचा हक्क सांगितला असेल किंवा सावकाराने गहाणाचा दस्तऐवज पुढे केला असेल, तर त्या प्रत्येकासाठी वेगळा दावा लावण्याची गरज उरली नाही. मात्र हा अधिकार वापरण्याचे बंधन न्यायालयावर नव्हते. प्रश्न गुंतागुंतीचा असल्यास पक्षकारांना नेहमीच्या दिवाणी दाव्याकडे पाठविण्याची मुभा त्याला होती. अठ्ठाविसाव्या कलमाने नादारीच्या आदेशानंतर न्यायालयाच्या परवानगीवाचून दावा लावण्यास धनकोंना मनाई केली. तथापि तारणावर कर्ज देणाऱ्याचा तारणावरील हक्क अबाधित ठेवला. मालमत्ता ५०० रुपयांहून अधिक नसण्याचा संभव असल्यास संक्षिप्त कार्यपद्धतीचीही तरतूद होती. अधिकारांचे केंद्रीकरण, गरजेनुसार दिवाणी न्यायालयाकडे परतीची वाट आणि लहान प्रकरणांसाठी सोपी रीत, ही या व्यवस्थेची तीन अंगे होत.

शेतकऱ्यांची कर्जे : व्यापाऱ्यांसाठी रचलेला हा कायदा शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाला पुरेसा पडला नाही. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खनचा शेतकरी साहाय्य अधिनियम करण्यात आला. त्यात शेतकऱ्यांच्या नादारीसाठी स्वतंत्र तरतुदी होत्या आणि त्यांची अंमलबजावणी जवळच्या कनिष्ठ न्यायालयांकडे सोपविली होती. मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज सलोखा अधिनियम झाला. त्याने न्यायालयाऐवजी सलोखा मंडळे निर्माण केली. १९३९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात कर्जबाजारीपणाच्या निवारणाचा कायदा झाला. याच वर्षी मुंबई प्रांतानेही शेतकरी ऋणकोंच्या साहाय्यासाठी अधिनियम केला. कर्जदार गरीब व विखुरलेले असतील, तर न्यायमंच त्यांच्या गावाजवळ आणावा लागतो, हे तत्त्व प्रांतांनी या कायद्यांद्वारे मान्य केले.

संविधानातील विभागणी : १९३५ च्या भारत सरकार अधिनियमाने नादारी हा विषय समवर्ती सूचीत ठेवला. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतही ‘दिवाळखोरी व नादारी’ ही समवर्ती सूचीतील नववी नोंद आहे. म्हणजे या विषयावर संसद व राज्य विधिमंडळ या दोहोंनाही कायदे करता येतात. व्यापारी निगमांची तसेच एकाहून अधिक राज्यांत कार्य करणाऱ्या निगमांची स्थापना, नियमन व समापन या बाबी संघ सूचीच्या ४३ व ४४ या नोंदींत आहेत. सहकारी संस्था आणि उर्वरित निगम राज्य सूचीच्या ३२ व्या नोंदीत, तर सावकारी व शेतीविषयक कर्जबाजारीपणाचे निवारण ३० व्या नोंदीत येते. परिणामी एकाच गावातील चार ऋणको चार वेगळ्या कायद्यांखाली येऊ शकतात : शेतकरी राज्याच्या कर्जनिवारण कायद्याखाली, सहकारी पतसंस्था राज्याच्या सहकार कायद्याखाली, दुकानदार केंद्राच्या नादारी कायद्याखाली आणि कंपनी केंद्राच्याच, पण वेगळ्या कायद्याखाली. समवर्ती विषयावरील केंद्राचा व राज्याचा कायदा परस्परांशी विसंगत असल्यास अनुच्छेद २५४ नुसार सामान्यतः केंद्राचा कायदा टिकतो.

कंपन्यांचे समापन : कंपनीची नादारी ही व्यक्तीच्या नादारीहून प्रथमपासूनच वेगळी मानली गेली. तिचे समापन कंपनी कायद्याखाली होई. १९५६ च्या कंपनी अधिनियमानुसार कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात असेल, तेथील उच्च न्यायालयाला हा अधिकार होता. या अधिनियमाच्या ४४६ व्या कलमाने समापनाचा आदेश झाल्यावर कंपनीविरुद्धचे दावे न्यायालयाच्या परवानगीवाचून चालविण्यास प्रतिबंध केला आणि कंपनीने लावलेले वा तिच्यावर लावलेले सर्व दावे स्वतःकडे घेण्याचा अधिकार समापन करणाऱ्या न्यायालयास दिला.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. १९६० च्या पुनर्रचनेनंतरही ते कायम राहिले. नागपूर खंडपीठाशी संलग्न असा शासकीय परिसमापकही नेमण्यात आला. त्यामुळे विदर्भातील कंपनीच्या समापनाची कार्यवाही आणि तीतून निघालेले वाद नागपुरातच ऐकले जात. मालमत्तेची विक्री, कामगारांच्या थकबाकीचे दावे, लहान पुरवठादारांचे अर्ज हे सर्व त्या प्रदेशातील वकील व न्यायाधीश यांच्यासमोर होई. ही कार्यवाही अतिशय मंद असे आणि अनेक समापने वर्षानुवर्षे रेंगाळत. तथापि ती धनकोच्या आवाक्यात होती.

राज्याचा हस्तक्षेप : उद्योग बंद पडल्यास कामगार बेकार होतात. म्हणून केवळ धनकोंचा विचार न करता उद्योग चालू ठेवण्यासाठी राज्यांनी आपले अधिकार वापरले. मुंबई राज्याने १९५८ साली सहाय्य उपक्रमांविषयीचा विशेष तरतुदी अधिनियम केला. शासनाने एखाद्या उपक्रमास अधिसूचनेद्वारे सहाय्य उपक्रम म्हणून घोषित केल्यास त्याच्याविरुद्धची जुनी देणी व त्यांच्या वसुलीची कार्यवाही अधिसूचनेच्या मुदतीपुरती स्थगित करता येई. न्यायालयाच्या आदेशाने मिळणारे संरक्षण येथे राज्य शासनाच्या आदेशाने मिळत असे.

नागपूरच्या इतिहासात या दृष्टीने एम्प्रेस मिल्सचे उदाहरण महत्त्वाचे आहे. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही कापड गिरणी नागपूरच्या औद्योगिक जीवनाचा शतकभर कणा होती. ती अडचणीत आल्यावर १९८६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतंत्र अधिनियम करून तिचा उपक्रम संपादन केला. नादारीच्या नेहमीच्या मार्गाने मालमत्ता विकून धनकोंना वाटण्याऐवजी राज्याने कायद्याच्या बळावर गिरणी आपल्याकडे घेतली. मोठ्या उद्योगाचे भवितव्य न्यायालयाने ठरवावे, की विधिमंडळाने, या प्रश्नाचे त्या काळी दिले गेलेले हे एक उत्तर होते.

याच सुमारास केंद्रानेही हस्तक्षेप केला. आजारी औद्योगिक कंपन्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमाने औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ निर्माण झाले. मंडळापुढे प्रकरण असेपर्यंत समापन, जप्ती व वसुलीचे दावे थांबत. पुनर्रचनेसाठी असलेल्या या तरतुदीचा उपयोग अनेक कंपन्यांनी केवळ धनकोंना लांबविण्यासाठी केला. १९९३ साली बँकांच्या वसुलीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणे स्थापन करणारा कायदा झाला. समापनाधीन कंपनीविरुद्ध अशा न्यायाधिकरणात जाण्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागते काय, असा वाद उपस्थित झाला. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘अलाहाबाद बँक विरुद्ध कॅनरा बँक’ या प्रकरणात, परवानगीची आवश्यकता नाही व कर्जवसुली न्यायाधिकरणाचा अधिकार अनन्य आहे, असा निर्णय दिला. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या अखेरीस एकाच कंपनीविषयी उच्च न्यायालय, पुनर्रचना मंडळ, वसुली न्यायाधिकरण व दिवाणी न्यायालय अशा चार ठिकाणी कार्यवाही चालू शकत होती.

२०१६ ची संहिता : हा विस्कळीतपणा दूर करण्यासाठी संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ संमत केली. कंपन्यांच्या नादारीचा अधिकार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे आला. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या पीठाच्या क्षेत्रात असेल, त्याच पीठाकडे अर्ज करावयाचा असतो. विदर्भातील कंपन्यांच्या बाबतीत हा अधिकार मुंबई येथील पीठाकडे गेला. उच्च न्यायालयांपुढील समापनाची काही प्रकरणे वर्ग झाली, तर ज्यांत नोटीस बजावली गेली होती अशी प्रकरणे सामान्यतः उच्च न्यायालयातच राहिली. आजारी कंपन्यांविषयीचा १९८५ चा कायदा १ डिसेंबर २०१६ पासून संपुष्टात आला.

संहितेच्या १४ व्या कलमानुसार अर्ज दाखल करून घेतल्यावर स्थगनकाल सुरू होतो व कंपनीविरुद्धचे सर्व दावे थांबतात. ६० व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमाने नादारीतून उद्भवणारे किंवा तिच्या संबंधातील कायद्याचे व वस्तुस्थितीचे सर्व प्रश्न ठरविण्याचा अधिकार न्यायाधिकरणास दिला. १९२० च्या अधिनियमातील चौथ्या कलमाचे व १९५६ च्या अधिनियमातील ४४६ व्या कलमाचे हे वंशज होय. ६३ व्या व २३१ व्या कलमांनी दिवाणी न्यायालयांची अधिकारिता वगळली आणि २३८ व्या कलमाने संहितेस अन्य कायद्यांवर वरचढ स्थान दिले.

व्यक्ती व भागीदारी पेढ्या यांच्यासाठी संहितेच्या तिसऱ्या भागात कर्जवसुली न्यायाधिकरणाची योजना आहे. मात्र १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता अंमलात आणला गेला. या अधिसूचनेची वैधता सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मान्य केली. इतर व्यक्तींसाठी १९०९ व १९२० चे अधिनियमच मागे उरले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची जिल्हा न्यायालयाची व्यवस्था आणि नवे केंद्रीय न्यायाधिकरण ही दोन्ही शेजारी शेजारी उभी राहिली.

राज्याच्या कायद्याचे स्थान : केंद्र व राज्य यांच्या कायद्यांतील संघर्षाचा पहिला मोठा निर्णय महाराष्ट्रातील प्रकरणातच झाला. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या कंपनीविरुद्ध आयसीआयसीआय बँकेने डिसेंबर २०१६ मध्ये नव्या संहितेखाली अर्ज केला. महाराष्ट्र शासनाने १९५८ च्या अधिनियमाखाली २०१५ साली सहाय्य उपक्रम म्हणून घोषित केले असल्यामुळे आपली देणी स्थगित आहेत, असा बचाव कंपनीने घेतला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. दोन्ही कायदे नादारी या समवर्ती विषयावरील आहेत, राज्याचा स्थगनकाल केंद्राच्या योजनेला अडथळा आणतो, म्हणून तेवढ्यापुरता राज्याचा कायदा निष्प्रभ ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. १९५८ पासून महाराष्ट्र शासनाच्या हाती असलेले एक साधन या निर्णयाने कंपन्यांच्या नादारीपुरते बोथट झाले.

सीमारेषेवरील वाद : ‘सर्व प्रश्न’ या शब्दांचा अर्थ किती व्यापक घ्यावा, याविषयी सर्वोच्च न्यायालयाने पुढील वर्षांत तारतम्य लावले. २०१९ च्या एम्बसी प्रॉपर्टी प्रकरणात, कर्नाटक शासनाने खाणपट्ट्याचे नूतनीकरण नाकारले असता तो प्रश्न सार्वजनिक कायद्याचा असल्याने न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेरचा आहे व उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो, असे ठरले. २०२१ च्या गुजरात ऊर्जा विकास निगम प्रकरणात वीजखरेदीचा करार केवळ नादारीच्या कारणावरून संपविण्यात आला होता; तेथे न्यायाधिकरणाचा अधिकार मान्य झाला. त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात, करार सेवेतील उणिवांमुळे संपविला गेला असल्याने न्यायाधिकरणाने हात घालू नये, असा निर्णय झाला. यांतून निघणारी कसोटी अशी की, नादारी झाली नसती तर जो वाद उद्भवलाच नसता, तो न्यायाधिकरणाचा. जो नादारी नसतानाही तसाच उद्भवला असता, तो मूळच्या न्यायमंचाचा.

नागपूर जिल्ह्यातील बुटीबोरी येथील ६०० मेगॅवॉट क्षमतेच्या वीजप्रकल्पाचे प्रकरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर या कंपनीविरुद्ध ॲक्सिस बँकेने नादारीचा अर्ज केला. वीजदराविषयीच्या वादात विद्युत अपील न्यायाधिकरणाचा निर्णय आपल्या बाजूने लागला असून त्यानुसार १,७३० कोटी रुपये येणे आहे, मात्र त्यावर राज्य विद्युत नियामक आयोगाचे अपील प्रलंबित आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. १२ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वित्तीय धनकोचा अर्ज दाखल करून घेताना अशा परिस्थितीचा विचार करण्याचा विवेकाधिकार न्यायाधिकरणास आहे, असे ठरविले. पुढील वर्षी अन्य एका प्रकरणात हा निर्णय त्याच्या विशिष्ट वस्तुस्थितीपुरता असल्याचे स्पष्ट करण्यात आले. २०२४ साली या कंपनीविरुद्ध नादारीची कार्यवाही सुरू झालीच आणि २०२५ मध्ये प्रकल्प अदानी पॉवरकडे गेला.

खापरखेड्याच्या दृष्टीने : औष्णिक वीजकेंद्र व आसपासच्या कोळसाखाणी यांमुळे खापरखेडा येथे ठेकेदार, वाहतूकदार, यंत्रदुरुस्ती करणारे व साहित्य पुरविणारे असा लहान व्यावसायिकांचा वर्ग तयार झालेला आहे. अधिकारितेतील बदलांचा अर्थ अशा व्यावसायिकाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. येथील एका यंत्रदुरुस्ती करणाऱ्याचे दोन ग्राहकांकडे प्रत्येकी सहा लाख रुपये येणे आहे, असे समजू. एक ग्राहक भागीदारी पेढी असून दुसरा खाजगी कंपनी आहे. दोघांविरुद्ध त्याने सावनेर येथील दिवाणी न्यायालयात वसुलीचे दावे लावले आहेत.

पेढीचे भागीदार नादार झाल्यास कार्यवाही नागपूरच्या जिल्हा न्यायालयात होते आणि तो तेथे जाऊन आपले येणे सिद्ध करू शकतो. कंपनीविरुद्ध एखाद्या बँकेचा अर्ज दाखल करून घेतला गेला, तर मात्र सावनेरचा दावा त्याच दिवसापासून थांबतो आणि सूत्रे सुमारे ८०० किमी. दूर असलेल्या मुंबईच्या पीठाकडे जातात. त्याला स्वतःला नादारीचा अर्ज करता येत नाही. कारण मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी रुपये करण्यात आली. रक्कम पुरेशी असती, तरी देण्याविषयी आधीपासून खराखुरा वाद असल्यास त्याचा अर्ज टिकला नसता. २०१७ च्या मोबिलॉक्स निर्णयानुसार असा वाद दिवाणी न्यायालयातच सोडवावयाचा असतो.

त्याने करावयाची महत्त्वाची गोष्ट एकच : कार्यवाही सुरू झाल्यावर नेमलेला तोडगा व्यावसायिक जी जाहीर सूचना देतो, तिच्यातील मुदतीत आपला मागणीअर्ज पुराव्यासह पाठविणे. ही सूचना एका इंग्रजी व एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते आणि मागणीअर्ज टपालाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठविता येतो. त्यासाठी मुंबईस जावे लागत नाही. परंतु आपला दावा न्यायालयात प्रलंबित आहेच, असे समजून तो स्वस्थ बसला, तर गंभीर परिणाम होतो. २०२१ च्या घनश्याम मिश्रा प्रकरणातील निर्णयानुसार, मंजूर झालेल्या तोडगा योजनेत ज्या मागण्यांचा समावेश नाही, त्या विझून जातात. स्थगनकाल संपल्यावर सावनेरचा दावा पुन्हा उघडण्यास काही उरत नाही. १९२० च्या व्यवस्थेत दावा थांबला, तरी तो थांबविणारे न्यायालय त्याच जिल्ह्यात होते आणि बातमी बाजारपेठेत कानोकानी पोहोचत असे. नव्या व्यवस्थेत ती वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील सूचनेतून पोहोचते किंवा पोहोचतच नाही.

ऋणकोच्या कायदेशीर स्वरूपानेही अधिकारिता बदलते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ हे १९४८ च्या विद्युत पुरवठा अधिनियमाखालील वैधानिक मंडळ होते. २००५ साली त्याची विभागणी होऊन खापरखेड्याचे वीजकेंद्र वीजनिर्मिती कंपनीकडे आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन प्रकरणात, वैधानिक कार्य करणाऱ्या प्राधिकरणांना नादारीची संहिता लागू होत नाही, शासकीय कंपन्यांना मात्र ती लागू होते, असे स्पष्ट केले. पुरवठादाराचे काम व कारखान्याची धुराडी तीच राहिली, तरी त्याच्या येण्यामागचा कायदा अशा रीतीने बदलू शकतो.

मूल्यमापन : दोन शतकांच्या या इतिहासात एक हेलकावा स्पष्ट दिसतो. अधिकार विखुरले, की धनकोंची चढाओढ, परस्परविरोधी आदेश व विलंब वाढतात. ते एकवटले, की शिस्त व वेग येतो, पण न्यायमंच लहान धनकोपासून दूर जातो. १९८५ ते २०१६ या काळातील विस्कळीतपणा पाहता कंपन्यांच्या नादारीसाठी एकच केंद्रीय कायदा व एकच न्यायाधिकरण असणे समर्थनीय ठरते. अनेक राज्यांत मालमत्ता असलेल्या कंपनीचे देणे एका राज्याच्या अधिसूचनेने थांबावे व दुसऱ्यात थांबू नये, हे धनकोंच्या समतेशी विसंगत आहे.

परंतु कायदा एक असणे आणि न्यायालय एकाच शहरात असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रांतिक अधिनियम केंद्रीय विधिमंडळाचा असूनही त्याची अंमलबजावणी जिल्ह्यात होत होती. १९५६ च्या कंपनी अधिनियमाचीही विदर्भापुरती नागपुरात होत होती. कायद्याची एकरूपता राखून न्यायमंच जवळ ठेवणे शक्य असते, हे या दोन्ही उदाहरणांवरून सिद्ध होते. दूरदृश्य सुनावणीने अंतराचा प्रश्न काही अंशी सुटतो. सूचनेचा, भाषेचा आणि सल्ल्याचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. राज्य की केंद्र, या वादाचा कायदेशीर निकाल भारतात बहुतांशी केंद्राच्या बाजूने लागलेला आहे. ज्याचे येणे लहान व घर दूर आहे, त्या धनकोला त्या निकालाचा लाभ मिळतो किंवा कसे, यावरच या व्यवस्थेची खरी कसोटी लागते.